मेटाबॉलिझम स्लो झालंय हे कसं ओळखायचं आणि मला दिवसाला किती कॅलरी लागतात?

तुम्ही लिहिलंय, वय ३८, वजन ७०, बैठं काम आणि "फार काही खात नाही तरी वाढतंच". हे वाक्य मी स्वतः दहा वर्षं म्हणत होते आणि माझी ताई आजही म्हणते, म्हणून लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. तेव्हा वय ४३, वजन ६८, उंची १५५ सेंटीमीटर. पहिल्याच दिवशी अनवाणी एका मशीनवर उभं केलं, चिठ्ठी निघाली, त्यावर मेटाबॉलिक एज ५८, म्हणजे माझं शरीर म्हणे ५८ वर्षांच्या बाईसारखं चालतंय. ट्रेनरने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. मग १२०० कॅलरीचा तक्ता दिला, वर पावडरचा डबा गळ्यात मारला. पाच आठवड्यांत ३ किलो उतरले पण, आणि मग मार्चएंडच्या गर्दीत बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. केस मुठीमुठीने गळायला लागले, रात्री अकराला उठून मी चिवड्याचा डबा उघडायचे. दोन महिन्यांत वजन होतं तिथे परत.

नंतर कळलं की ते मशीन मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर किती कॅलरी जाळतं ते, मोजतच नाही. पायातून बारीकसा करंट सोडून चरबीचा अंदाज काढतं, पुढे सगळा फॉर्म्युला. फॉर्म्युला तर कागदावर आपणही मांडू शकतो: वजन (किलोत) गुणिले १०, अधिक उंची (सेंटीमीटरमध्ये) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि बायकांसाठी त्यातून १६१ वजा (पुरुषांना उलट ५ मिळवायचे). माझे आले १२७३. म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी मेंदू, लिव्हर, हृदय, किडन्या चालवायला एवढं लागतं, आणि त्या पोराने मला त्याहूनही कमी खायला सांगितलं होतं! हा आकडा पूर्ण बैठ्या माणसाने १.२ ने, थोडंफार चालणाऱ्याने १.३७५ ने गुणायचा. माझे साधारण १७५०.

आता ताईचं. तिचं म्हणणं, आपल्या घराण्यातच मेटाबॉलिझम स्लो, त्यात चाळिशी उलटली, काही करून उपयोग नाही. मी किचनचा वजनकाटा आणला आणि तीन आठवडे तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहिलं, मुलांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. मला वाटत होतं मी १४०० खाते. निघाले २०५०, आणि वजन तेवढ्यात पाऊण किलो वाढलं, म्हणजे शरीर गणिताप्रमाणेच चाललं होतं. तेलाच्या पिशवीवर मार्करने तारीख घातली, चौघांत एक लिटर सहा दिवसांत संपलं. एका लिटरमध्ये ८००० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे माणशी रोज साडेतीनशेच्या आसपास नुसतं तेल. ताईच्या संकष्टीच्या खिचडीचं पण गणित केलं: ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप, पाचशेच्या वर गेली, आणि ती म्हणते आज काही खाल्लंच नाही. घराण्यात उतरलीय ती स्वयंपाकाची पद्धत, ताई, मेटाबॉलिझम नाही.

चाळिशीचं म्हणाल तर २०२१ साली सायन्स मासिकात ६४०० हून जास्त लोकांचा अभ्यास आला होता, शरीराचं आकारमान धरून पाहिलं तर २० ते ६० वयात मेटाबॉलिझम जवळपास तेवढंच राहतं, साठीनंतर हळूहळू उतरतं. चाळिशीत कमी होतं ते आपलं चालणं आणि स्नायू. त्यामुळे फॅट बर्नर, जिऱ्याचं पाणी वगैरेवर पैसे घालवू नका, डाळ-अंडी-पनीर वाढवा आणि वजनं उचला.

हां, एक राहिलं. फॉर्म्युला परदेशी लोकांवर बेतलेला आहे, आपल्याकडे आकडा थोडा जास्त दाखवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० दिलेत, ते पण बघून घ्या. आणि थायरॉइडची टेस्ट केली नसेल तर आधी ती करा, तो खरंच कमी असेल तर फरक पडतो. ताईचा नॉर्मल आला, तीनदा. शुगरची औषधं चालू असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका, मी बँकेतली बाई आहे.

तुम्ही उंची लिहिलेली नाही. कमेंटमध्ये टाका, आकडा काढून देते. पण तीन आठवडे वही लिहायची तयारी असेल तरच, कारण खरा आकडा तिथेच सापडतो. ताईला मी दिवाळीत काटा नेऊन दिलाय, अजून खोक्यातच आहे.