लिंकनने १८६३ मध्येच गुलामगिरी संपवली ना, मग जूनटीन्थ, म्हणजे अमेरिकेतला गुलाममुक्तीचा सण, १९ जूनला का?

कारण १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला अमेरिकन सरकारच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरने सगळे गुलाम मुक्त आहेत असा हुकूम जाहीर केला. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू होता पण यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांत उत्तरेचं, म्हणजे लिंकनच्या सरकारचं, सैन्य पोचेल तिथंच तो चालायचा, आणि टेक्सास पडलं एकदम लांब, त्यामुळे तिथल्या साधारण अडीच लाख लोकांना आणखी अडीच वर्षं राबवून घेतलं. त्या हुकुमाचा मजकूर ऑनलाइन आहे, जरूर वाचा, त्यातच मुक्त झालेल्यांना आहात तिथेच गुपचूप राहून मजुरीवर काम करा असंही सांगितलंय, वाचून खरंच राग येतो. तरी पुढच्याच वर्षीपासून तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी हा दिवस स्वतःहून साजरा करायला घेतला, प्रार्थना, बार्बेक्यू, लाल सरबत, आणि ह्यूस्टनमध्ये तर १८७२ ला पैसे जमवून त्यासाठी जागाच विकत घेतली, तेच आजचं एमॅन्सिपेशन पार्क. देशभर सुट्टी मिळाली थेट २०२१ ला. फक्त एक लक्षात घ्या, १९ जूनला सगळ्या अमेरिकेतली गुलामगिरी संपली नव्हती, बंडात नसलेल्या डेलावेअर आणि केंटकी राज्यांत ती डिसेंबर १८६५ च्या १३व्या घटनादुरुस्तीपर्यंत कायदेशीर होती.