वाचकांचे प्रश्न : त्सुनामीचा इशारा आणि कोकणचा सडा

प्रश्न : आमची वाडी खाडीच्या मुखाशी आहे. त्सुनामीचा धोका पूर्व किनाऱ्यालाच असतो, असे आम्ही समजत होतो. आपल्याकडे ती येऊ शकते का, इशारा किती आधी मिळेल आणि तो मिळताच होड्या खोल समुद्रात न्याव्यात काय?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : येऊ शकते आणि आलेलीही आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्यालगत ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या लाटा सकाळी मुंबईपर्यंत पोहोचल्या. तेथे त्यांची उंची सुमारे दोन मीटर नोंदली गेली व काही माणसे वाहून गेली. हा प्रवास पाच तासांच्या आतबाहेर झाला. चार हजार मीटर खोलीवर त्सुनामी ताशी सुमारे सातशे किलोमीटर वेगाने धावते, मात्र उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो आणि उंची वाढते. कोकणासमोरचा समुद्र दूरवर उथळ असल्यामुळेच आपल्याला हे काही तास मिळतात.

या वेळेचा उपयोग मात्र इशारा हाती पडला तरच. 'जोराचा हादरा बसला की उंचावर पळा' हा नियम निकोबारसाठी प्राणरक्षक आहे, कारण तेथे लाट मिनिटांत येते; मकरानचा हादरा आपल्या वाडीत बहुधा जाणवणारही नाही. त्यामुळे आपली भिस्त हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागरविषयक माहिती देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतील त्सुनामी इशारा केंद्रावर आहे. २००४ च्या आपत्तीनंतर उभारलेले हे केंद्र २००७ पासून कार्यरत असून, भूकंपमापकांच्या नोंदी येताच ते पहिली सूचना काढते आणि मग समुद्रतळावरील दाबमापक व बंदरांतील भरतीमापक यांच्यावरून ती दुरुस्त करत जाते. 'वॉर्निंग' म्हणजे किनारा रिकामा करणे, 'अलर्ट' म्हणजे पुळण (वाळूचा किनारा) आणि सखल भागापासून दूर राहणे, तर 'वॉच' असल्यास पुढील सूचनेकडे लक्ष ठेवणे पुरेसे असते. प्रत्येक मोठ्या भूकंपाने त्सुनामी येतेच असेही नाही : ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा धक्का बसला, पण समुद्रतळ वरखाली होण्याऐवजी आडवा सरकल्यामुळे मोठी लाट उठली नाही.

होड्यांविषयी स्पष्टच सांगतो : नेऊ नका. खोल पाण्यात होडी सुरक्षित असते हे खरे, परंतु आपल्या किनाऱ्यासमोर पन्नास वाव (सुमारे नव्वद मीटर) पाणी गाठायचे तर फार दूर जावे लागते आणि तेवढ्या वेळात घरची म्हातारी माणसे सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच खडकाळ पठारावर, पोहोचलेली असायला हवीत. जे आधीच खोल समुद्रात आहेत, त्यांनी मात्र धोका टळल्याची सूचना येईपर्यंत बंदरात परतू नये. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही आणि पाण्याचा हा चढउतार कित्येक तास चालू शकतो. शिवाय खाडीतून पाणी आत शिरते, म्हणून पुळणीपासून लांब असलेल्या खाडीकाठच्या घरांनीही स्वतःला निर्धास्त समजू नये. दोन मीटरची लाट भांगाच्या (अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतानाच्या) ओहोटीवर आली तर फारशी जाणवणार नाही, पण उधाणाच्या भरतीवर तीच लाट अंगणात येईल.

ओडिशातील व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने 'त्सुनामी सज्ज' ही मान्यता दिली. त्यासाठी त्यांना धोक्याचा नकाशा, सुटकेच्या वाटा, चोवीस तास इशारा पोहोचण्याची सोय आणि प्रत्यक्ष सराव हे सारे करून दाखवावे लागले. त्या सपाट किनाऱ्याच्या तुलनेत कोकणाला निसर्गाने सडा दिला आहे. प्रश्न एवढाच, की वाडीतून वर जाणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आज झाडोऱ्यातून मोकळी आहे का, रात्री वीज गेल्यावर ती दिसते का आणि मोबाइलला रेंज नसेल तेव्हा भोंगा कोण वाजवणार? हे ग्रामसभेत विचारून घ्या.

प्रश्न : किनाऱ्यावरील अणुऊर्जा प्रकल्पांचे काय?
— एक वाचक, पालघर

उत्तर : २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे समुद्राचे पाणी पंपगृहात शिरले, तरी चालू असलेली अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. २०११ मध्ये फुकुशिमा येथेही भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. घात झाला तो तळघरातील डिझेल जनित्रे बुडून शीतकरण थांबल्याने. म्हणून भिंत किती उंच आहे याबरोबरच राखीव वीज कोणत्या पातळीवर ठेवली आहे, हेही विचारावे. रुग्णालय आणि पाणीपुरवठ्याचे पंप यांनाही हीच कसोटी लागू पडते.