रांगत्या नातीला मास्क लावावा का?

प्रश्न : आमचं घर मडगावात, वाहत्या रस्त्याला लागून. जुनं, कौलारू; दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. सकाळी केर काढला तरी दुपारपर्यंत खिडकीच्या चौकटीवर धूळ बसते. मुलगा बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. नात अकरा महिन्यांची, रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. शहरातल्या धुळीत शिसं, कॅडमियम असतं असं वाचलं आणि झोप उडाली. चवथीआधी दारं घासून रंगवायचा बेत आहे. नातीला मास्क लावावा का? हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का?
— एक आजी, मडगाव

उत्तर : ताई, एवढ्या लहान मुलाला मास्क लावू नये, जीव गुदमरतो. शिवाय तुमच्या नातीला खरा धोका तोंडावाटे आहे. धातू चिकटलेली बरीचशी धूळ शेवटी फरशीवर आणि चौकटीवर बसते, आणि मूल नेमकं तिथेच खेळून हात चोखतं. पोटात गेलेल्या शिशातला मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट भाग लहान मुलाच्या अंगात भिनतो. म्हणून यंत्राचे पैसे सध्या राहू देत, आधी फरशीकडे बघू.

गाड्यांचे ब्रेक झिजून तांबं पडतं, टायर झिजून जस्त. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण शिसं कुजून नाहीसं होत नाही. रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं अजून चाकांबरोबर वर येतं. आपल्याकडे लोक तांबड्या धुळीला भितात. जांभ्या मातीचा तो रंग लोहाचा आहे, शिसं डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला रस्त्यापेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

पहिली दारं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरचे खालचे थर त्याआधीचे. सुक्या पॉलिश पेपरने ते घासलेत, तर रस्त्याने वर्षभरात आणलं नसेल तेवढं शिसं एका दुपारी घरात पसरेल. रंग घट्ट असेल तर घासूच नका. साबणाच्या पाण्याने पुसा आणि वरून नवा हात द्या. पोपडे सुटले असतील तेवढेच पाणी मारून ओले खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, तो कचरा बांधून टाका, परसात झाडू नका. बत्तीने रंग जाळणं तर मुळीच नको, शिशाची वाफ होते. पेंटरला हे आधीच बजावून ठेवा. त्याच्याही घरी मुलं असतील. काम संपून सगळं घर पुसून होईपर्यंत नात आणि तिची आई दुसऱ्या घरी राहू देत. आणि गॅरेजातला उरलेला रंग दारांना वापरू नका, कारण ९० पीपीएमचा तो नियम गाड्यांच्या, म्हणजे औद्योगिक रंगांना लागू नाही.

दुसरी मुलाचे कामाचे कपडे. बॅटरीच्या प्लेटा शिशाच्या असतात. ती पूड शर्टावर, चपलांवर, केसांत बसते आणि बाप कामावरून आला की लेक आधी त्याच्याच कडेवर. त्याला समजावून सांगा : दुकानातच कपडे बदल, घरी येताच आंघोळ कर, मग पोरीला घे. ते कपडे वेगळे धुवा. त्याने स्वतःही रक्त तपासून घ्यावं. हातापायाला मुंग्या, पोटात कळ, वाढलेला रक्तदाब यांमागे शिसं असू शकतं.

घरात केरसुणीने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं वेगळ्या बादलीत पिळा. चपला बाहेर बाल्कांवातच (ओसरीवरच). नातीचे हात खाण्याआधी आणि झोपण्याआधी साबणाने धुवा, खेळणीही. बाजारातला सुरमा डोळ्यांत घालू नका, काहींत शिसंच असतं. पोट रिकामं असलं, लोह-कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. तेव्हा नाचण्याचं तिजान (पातळ खीर), मऊ शिजवलेली तांबडी भाजी (लाल माठ), वर लिंबाचे दोन थेंब, हे अवश्य द्या.

आता तपासणी. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही आणि कमी प्रमाणात बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना नातीच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगा, सोबत हिमोग्लोबिनही. रक्त शिरेतून घ्यावं. बोटावर धूळ असली तर तिथला आकडा फसवा येतो. डेसिलिटरला (१०० मिलिलिटर रक्तामागे) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून तो मार्ग बंद करायचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बाहेर काढणारी औषधं फार वरच्या पातळीला, तीही इस्पितळातच देतात. ‘शरीरशुद्धी’ची पुडी कुणी दिली तर घेऊ नका. रिपोर्ट आला की आकडा मला कळवा, आणि मुलाचाही.