वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकाच्या बॅकअपसाठी नेटवर्क स्टोरेज कोणते घ्यावे?

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये सराफ बाजाराजवळ एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहतो. घरात विंडोजचा एक संगणक आणि मुलीचा लॅपटॉप असून दोन्हींवर मिळून सुमारे 600 जीबी माहिती आहे : कौटुंबिक फोटो, जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रे, द्राक्षबागेचे हिशेब आणि मुलीच्या प्रबंधाचे काम. आतापर्यंत एका यूएसबी हार्ड डिस्कवर आठवण होईल तेव्हा कॉपी करून ठेवत होतो. आता नेटवर्क स्टोरेज, म्हणजे राउटरला जोडून घरातल्या सगळ्या संगणकांना वापरता येणारे डिस्कचे उपकरण, घ्यावे असे वाटते. दुकानदार चार डिस्कचे, ‘रेड 5’ असलेले मॉडेल सुचवतात आणि ते घेतल्यावर वेगळ्या बॅकअपची गरज उरणार नाही, असे सांगतात. आम्ही काय घ्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदारांच्या शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण ते बरोबर नाही आणि उपकरणाची निवड त्यावरच अवलंबून आहे. एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठीच रेड ही व्यवस्था आहे. रेड 1 मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते; रेड 5 ला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांतली एका डिस्कइतकी जागा, बंद पडलेल्या डिस्कवरची माहिती पुन्हा जुळवता यावी म्हणून राखून ठेवली जाते. दोन्हींत एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. मात्र आपल्या हातून एखादा फोल्डर पुसला गेला किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, त्या निरुपयोगी करून टाकल्या, तर वरच्या कागदावरची खाडाखोड कार्बनखालच्या कागदावरही उमटावी तसा तो बदल त्याच क्षणी सगळीकडे पोहोचतो. शिवाय सगळ्या डिस्क एकाच खोक्यात असल्यामुळे चोरी, आग किंवा पाणी यांत त्या एकत्रच जातात.

म्हणून आपल्या 600 जीबीसाठी चार डिस्कच्या उपकरणावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन डिस्कचे उपकरण, त्यात प्रत्येकी 4 टीबीच्या (1 टीबी म्हणजे 1,000 जीबी) दोन डिस्क आणि त्यांवर रेड 1, एवढी जुळणी पुरेशी आहे. वापरायला 4 टीबी जागा मिळेल. विंडोज ती सुमारे 3.6 टीबी दाखवेल, तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असल्यामुळे बॅकअपची जागा मूळ माहितीच्या दुप्पट-तिप्पट असावी, असा माझा आग्रह असतो. या हिशेबाने फोटोंची पुढची काही वर्षांची भरही यात सामावते. चार डिस्कऐवजी दोन घेतल्याने जे पैसे वाचतील, त्यांचा उपयोग खाली सांगतो.

मॉडेल निवडताना प्रोसेसर आणि मेमरी यांच्या तुलनेत फार वेळ घालवू नये. घरच्या बॅकअपला साधे मॉडेलही पुरते. दोन गोष्टी मात्र खात्री करूनच घ्याव्यात. पहिली म्हणजे स्नॅपशॉटची सोय, म्हणजेच ठरावीक वेळची सगळ्या फोल्डरांची स्थिती गोठवून ठेवण्याची क्षमता. संगणकावरून आलेला व्हायरस फोल्डरातल्या फायली बिघडवू शकला, तरी उपकरणाच्या प्रशासक खात्याशिवाय त्याला स्नॅपशॉटला हात लावता येत नाही, आणि आपण कालच्या किंवा गेल्या आठवड्याच्या स्थितीकडे परत जाऊ शकतो. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय आहे, पण सर्वांत स्वस्त मॉडेलांत ती अनेकदा नसते. तेव्हा कंपनीचे नाव पाहून न थांबता त्या नेमक्या मॉडेलची माहिती वाचावी.

दुसरी गोष्ट सुरक्षेच्या अपडेटची. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या उपकरणांना 2015 नंतर अपडेट मिळालेले नव्हते; जून 2021 मध्ये जगभरातल्या अनेक ग्राहकांच्या अशा उपकरणांवरील माहिती इंटरनेटवरून कोणीतरी पुसून टाकली. जानेवारी 2022 मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची उपकरणे गाठली. यावरून एखादी कंपनी टाळावी असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या मॉडेलला अजून काही वर्षे अपडेट मिळणार आहेत तेच घ्यावे, जुने मॉडेल सवलतीत मिळते म्हणून घेऊ नये, आणि बाहेरगावाहून फोटो पाहता यावेत या मोहापायी राउटरमधून त्याला इंटरनेटची वाट उघडून देऊ नये. बाहेरून वापर करायचाच असेल तर तो व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीतून, करावा. संगणकासाठी उपकरणावर बॅकअपचे वेगळे खाते उघडावे, त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत आणि प्रशासक खात्याचा पासवर्ड संगणकात साठवून ठेवू नये.

डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ प्रकारची आहे ना, हे विचारावे. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे एकापाठोपाठ खूप लेखन होताना, विशेषतः बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवताना, ती अतिशय मंदावू शकते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी रेड’ या मालिकेतल्या (हे नुसते नाव आहे, वरच्या रेड व्यवस्थेशी त्याचा संबंध नाही) काही डिस्क एसएमआर असल्याचे कंपनीने एप्रिल 2020 मध्ये मान्य केले होते. त्यानंतर तिने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ डिस्कही सीएमआर आहेत.

उपकरण राउटरला केबलनेच जोडावे. गिगाबिट पोर्टवरून सेकंदाला साधारण 100 एमबी वेग मिळतो, म्हणजे मोठ्या फायलींचा 600 जीबीचा पहिला बॅकअप पावणेदोन तासांच्या आसपास होतो. लहान फायली फार असतील तर जास्त वेळ लागतो. आपल्या राउटरचे पोर्ट 100 मेगाबिटचे असतील, तर त्याच कामाला चौदा तास लागतील. अशा वेळी राउटर न बदलता एक लहानसा गिगाबिट स्विच, म्हणजे नेटवर्कच्या अनेक केबल एकत्र जोडणारा डबा, घेऊन संगणक आणि उपकरण दोन्ही त्याला जोडले तरी भागते.

पावसाळ्यात वीज जाण्या-येण्याचा अनुभव आपल्याला असेलच. माहिती लिहिली जात असताना वीज गेली तर फायलींची रचना बिघडू शकते, म्हणून वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी यूपीएसची करावी. तो यूएसबी केबलने उपकरणाला जोडता येईल असा घ्यावा, म्हणजे बॅटरी संपत आल्याचे कळताच उपकरण स्वतःहून नीट बंद होते. घरचा इन्व्हर्टर हे काम करत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण सराफ बाजाराजवळ तळमजल्यावर राहता. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती चढले याकडे सगळ्या गावाचे लक्ष लागते, आणि 2008, 2016 व 2019 च्या पुरांत पाणी आपल्याच भागात शिरले होते. कितीही चांगले उपकरण घेतले तरी ते त्याच घरात राहणार आहे. माहितीच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा नियम आपल्याला पूर्णपणे लागू पडतो. वाचलेल्या उरलेल्या पैशांतून 4 टीबीची एक यूएसबी डिस्क घ्यावी, तिच्यावर उपकरणातूनच पासवर्डने कुलूपबंद केलेला बॅकअप घ्यावा आणि ती इंदिरानगरसारख्या गोदाकाठापासून दूरच्या भागातल्या नातेवाइकांकडे ठेवावी. महिन्यातून एकदा ती आणून ताजी करावी. जुनी यूएसबी डिस्क सुस्थितीत आणि पुरेशी मोठी असेल तर दोन्ही आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे घराबाहेर सतत एक प्रत राहील. उपकरणही जमिनीवर न ठेवता उंच फळीवर, हवा खेळेल अशा जागी ठेवावे.

प्रश्न : नवीन उपकरण घेण्याऐवजी राउटरच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावली तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : एकाच संगणकाच्या बॅकअपसाठी चालेल, पण वेग बहुधा कमी मिळेल आणि स्नॅपशॉट किंवा डिस्क बिघडत असल्याची सूचना यांची अपेक्षा ठेवता येणार नाही. त्यापेक्षा तीच डिस्क थेट संगणकाला लावून बॅकअप घ्यावा आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअर पोहोचत नाही.

प्रश्न : बॅकअप रोज ‘यशस्वी’ झाल्याचा संदेश येतो. त्यावर विसंबून राहावे का?
— एक वाचक, देवळाली

उत्तर : राहू नये. तो संदेश आपण निवडलेल्या फोल्डरांपुरताच असतो. फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर असतील आणि तो निवडायचा राहिला असेल, तरीही संदेश यशस्वीच येईल. दर तीन महिन्यांनी वेगवेगळ्या फोल्डरांतल्या काही फायली बॅकअपमधून एका रिकाम्या फोल्डरात परत आणाव्यात आणि एकेक उघडून पाहावी : एक जुना फोटो, एक हिशेबाची फाइल, एक स्कॅन केलेला सातबारा. शक्य असल्यास हे काम दुसऱ्या संगणकावरून करावे, कारण मूळ संगणक बंद पडल्यावर बॅकअपचा पासवर्ड आपल्याकडे आहे की नाही, हेही त्यातून कळते. तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका व्यक्तीला ठाऊक असलेल्या जागी ठेवावा.