बोत्स्वाना : हिरे, करार आणि सेरेत्से खामा

‘बोत्स्वाना हिऱ्यांच्या नशिबावर तरला, त्यात सेरेत्से खामांचं कर्तृत्व काय?’ असा तुमचा प्रश्न आहे. (खामा हे आफ्रिकेतल्या या देशाचे पहिले अध्यक्ष.) हिरे काँगोतही आहेत आणि सिएरा लिओनमध्येही, पण तिथे हिऱ्यांच्या पैशावर यादवी युद्धं पोसली गेली. फरक पडला तो खनिजं कुणाच्या नावावर आहेत हे ठरवण्यात.

पार्श्वभूमी थोडक्यात. बामांग्वातो जमातीच्या गादीचे वारस असलेल्या सेरेत्सेंनी 1948 मध्ये लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. कारभार पाहणारे काका त्शेकेदी भडकले. तरी 1949 मध्ये सेरोवेच्या क्गोत्लात, म्हणजे गावसभेत, लोकांनी सेरेत्सेंचीच बाजू घेतली. तेव्हा प्रदेशावर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी मात्र वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या दबावाखाली त्यांना हद्दपार केलं. 1956 मध्ये ते परतले ते गादीवरचा हक्क सोडूनच.

हे सोडणं पुढे फार उपयोगी पडलं. तिथल्या जमिनी जमातींच्या, आणि जमिनीखालचं धनही त्यांचंच मानलं जाई. सेरेत्सेंच्या पक्षाने 1965 च्या निवडणुकीतच खनिजं राष्ट्राची करू असं जाहीर केलं, 31 पैकी 28 जागा जिंकल्या आणि 1967 मध्ये तसा कायदा केला. ओरापाचे हिरे त्याच वर्षी सापडले, तेही त्यांच्याच जमातीच्या मुलखात! हक्क जमातीकडे राहिला असता तर सगळा पैसा सेरोवेत, म्हणजे बामांग्वातोंच्या राजधानीत, गेला असता आणि बाकीच्या जमाती कायमच्या बिथरल्या असत्या. स्वतःच्या माणसांचा वाटा आधी सोडल्यामुळेच इतर प्रमुखांना ते गप्प करू शकले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच.

मग करार. दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या 1910 च्या जकात संघात या प्रदेशाला एकूण उत्पन्नाच्या जेमतेम 0.28 टक्के मिळत. 1969 मध्ये नवं सूत्र ठरलं : वाटा प्रत्यक्ष आयातीनुसार, वर भरपाई म्हणून 42 टक्के वाढ. 1972-73 नंतर ब्रिटिश अनुदानाची गरजच उरली नाही. डी बीअर्स या बड्या हिरे कंपनीच्या इथल्या खाण कंपनीत सरकारचा हिस्सा सुरुवातीला 15 टक्के होता. 1975 मध्ये तो 50 वर नेला. खाणी ताब्यात घेतल्या नाहीत, कारण त्या चालवणारी माणसं देशात नव्हती. या वाटाघाटींचं श्रेय अर्थखातं सांभाळणाऱ्या क्वेट मासिरेंनाही द्यायला हवं.

आता दुसरी बाजू, जी कौतुकाच्या लेखांत येत नाही. 1969 मध्ये मासिरे हे उपाध्यक्ष असूनही कान्ये इथल्या मतदारसंघात तिथल्या जमातीचे माजी प्रमुख बाथोएन यांच्याकडून हरले. त्यांना नामनियुक्त सदस्य म्हणून सभागृहात आणलं गेलं, आणि पुढे अध्यक्षाने मतदारसंघातून निवडून येण्याची अटही घटनेतून काढली. निवडणुका नियमित झाल्या, पण अध्यक्षपदाच्या हाती एकवटलेली सत्ता तेव्हापासूनची आहे.