बी.ए. तीन वर्षांचे की चार वर्षांचे?

प्रश्न : माझ्या मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७८ टक्के गुण मिळाले असून पुण्यात इतिहास विषय घेऊन बी.ए. करण्याचा तिचा हट्ट आहे. एवढे गुण असताना कला शाखेत जाणे म्हणजे शिक्षण वाया घालवणे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. त्यातच बी.ए.सुद्धा चार वर्षांचे झाल्याचे ऐकतो. चार वर्षे शिकणे सक्तीचे आहे का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : सक्तीचे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचा आराखडा चार वर्षांचा झाला आणि महाराष्ट्रात तो २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. तथापि तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वीप्रमाणेच बी.ए. ही पदवी मिळते आणि केंद्रीय वा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसण्यासाठी ती पुरते. चौथे वर्ष पूर्ण केल्यास ‘ऑनर्स’ पदवी मिळते. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एकाच वर्षाचे असल्यामुळे, एम.ए.पर्यंत जायचेच असेल तर दोन्ही वाटांनी वर्षे पाचच लागतात. खरा फरक पडतो तो संशोधनाकडे वळणाऱ्यांना. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाल्यास एम.ए. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. हा निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यायचा आहे. त्याची चिंता आज नको.

आज चौकशी करायची ती महाविद्यालयाची. इतिहास हा मुख्य विषय, म्हणजे मेजर, म्हणून तेथे खरोखर शिकवला जातो का, की केवळ माहितीपुस्तिकेत छापलेला आहे? गेल्या वर्षी त्या विषयाचा वर्ग भरला होता का? विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मेजर कोणत्या वर्षी निश्चित करावा लागतो आणि चौथे वर्ष तेथेच उपलब्ध आहे का? ही उत्तरे कार्यालयाच्या खिडकीवर मिळणार नाहीत. विभागात जाऊन एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलावे. दुय्यम विषय, म्हणजे मायनर, निवडताना ‘सोपा कोणता’ हे विचारू नये. इतिहासाला भूगोल, संस्कृत किंवा राज्यशास्त्र यांची जोड पुढे उपयोगी पडते.

राहिला प्रश्न शिक्षण वाया जाण्याचा. मोडी लिपीतील एखादा जुना कागद नातेवाइकांसमोर ठेवावा. लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे तुटतो हे संदर्भावरून, त्या काळच्या महसुली भाषेवरून ठरवावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती. विज्ञान शिकलेली, पुराव्याची सवय असलेली मुलगी या कामाला अधिकच उपयोगी ठरेल. मात्र हेही स्पष्ट सांगतो : नुसत्या वर्गातल्या टिपणांवर केलेल्या बी.ए.ला बाजारात फारशी किंमत नाही. मोडी, एखादी जुनी भाषा आणि चांगले इंग्रजी या गोष्टी तिने तीन वर्षांत पदवीच्या बरोबरीने शिकाव्यात.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी, वाणिज्य पदवीधर आहे. या वयात पुरातत्त्व किंवा तत्त्वज्ञान विषयात एम.ए. करता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वय आड येत नाही. पदवी वाणिज्य शाखेची असणेही बहुतेक ठिकाणी अडचणीचे ठरत नाही; परंतु दोन्ही विषयांची तऱ्हा निराळी आहे. तत्त्वज्ञान घरी बसून, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, सावकाश करता येईल. पुरातत्त्वासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा विचार करावा. हे कॉलेज आज अभिमत विद्यापीठ आहे; ह. धी. सांकलिया यांनी तेथे हा विभाग उभा केला आणि शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन याच संस्थेने केले. पण हा विषय ग्रंथालयात बसून पुरा होत नाही. उत्खननाच्या तळावर राहून, उन्हात गुडघे टेकून ब्रशने माती झाडावी लागते आणि सापडलेल्या प्रत्येक खापराची नोंद ठेवावी लागते. अर्ज भरण्यापूर्वी गुडघ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.