उसना फोटो

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सहाही पोर्ट्रेट्स पाहिली. हात तयार आहे. डोळ्यांतला ओलावा, केसांची बट, कुठेच खोट काढता येत नाही. आणि तरी एकही चेहरा लक्षात राहिला नाही. लागेल तुला, पण 'खरं सांगा' असं तूच म्हणाली होतीस.

फोटोवरून केलीस म्हणून? नाही. अमेरिकेतली एमी शेरल्ड फोटोवरूनच रंगवते. पण माणूस ती निवडते, कपडे ती ठरवते, फोटोही स्वतः काढते. मग त्वचेला तपकिरीऐवजी राखाडी टोन देते, म्हणजे बघणाऱ्याची नजर वर्णावरच अडकून पडत नाही. २०१८ साली तिने केलेलं मिशेल ओबामांचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागलं, तेव्हा 'सारखं दिसत नाही' अशी ओरड झालीच. झाली तर झाली. तुझे सहाही फोटो मात्र दुसऱ्याच कुणीतरी काढलेले, नेटवरून उचललेले. बघायचं काम त्यानेच उरकलंय. तू फक्त उतरवून घेतलंस.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतोय. तिशीत असताना एका सभागृहासाठी दिवंगत देणगीदाराचं तैलचित्र केलं. हाताशी पासपोर्ट आकाराचा एक फोटो. कोट भलत्याचाच, हात माझे, आरशात बघून काढलेले. सगळे 'हुबेहूब' म्हणाले. त्यांची म्हातारी बहीण तेवढी खुर्ची ओढून चित्रापुढे बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादाचे हात असे मऊ नव्हते हो." उमेदीत त्यांनी हातमाग चालवला होता. मी विचारलंच नव्हतं. पैसे मात्र चोख मिळाले.

तेव्हा ज्याच्याकडे पैसा, त्याचं चित्र, असाच हिशेब होता. तो हलवणारे आपल्याकडेही आहेत. ठाण्याचे सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत रेडिऑलॉजिस्ट होते. दिवसा एक्सरे बघायचे आणि कॅनव्हासवर लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं आणायचे. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातला प्रभाकर पाचपुते तर खाणकामगार कोळशानेच काढतो, आणि कित्येकदा डोक्याच्या जागी दिवा नाहीतर अवजार बसवतो. चेहऱ्याविना व्यक्तिचित्र! आमच्या मास्तरांनी खोडरबर फेकून मारलं असतं. पण कामाने माणसाचा चेहरा गिळला, हे याहून थेट कसं सांगणार?

आता तू एक कर. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना बसायला विचार. त्यांच्या कामाच्या वेळात नको, आणि बसण्याचे पैसे दे. तीन सिटिंग्ज घे. पहिल्यात नुसते हात. दुसऱ्यात लगेच चेहऱ्याला हात घालू नकोस, गप्पा मार. वीसेक मिनिटांत माणूस कंटाळतो, खांदे उतरतात, फोटोसाठी धरलेला चेहरा सुटतो. तेव्हा कोळसा उचल. झाल्यावर चित्र आधी त्यांना दाखव. नेटवर टाकू का, हेही त्यांनाच विचार. नको म्हणाल्या तर नको.

कांडी जाड घे, बारीक घेतलीस की तू पापण्या मोजत बसतेस. आणि या खेपेला फोनवर पाठवू नकोस, कागद घेऊनच ये.

तुझा,
काका